परवलीचा शब्द

रात्रीच्या वेळी छावणीच्या वेशीवर किंवा किल्ल्याच्या दरवाजावर पहारा करणाऱ्या शिपायाचे काम मोठे अवघड असते. अंधारात माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. पोशाख शत्रूलाही मिळविता येतो. आवाजाची नक्कल करणारेही असतात. मग समोर आलेला माणूस आपल्या पक्षाचा की परका, हे त्याने ठरवावे कसे? यासाठी पूर्वापार एक युक्ती योजली जात असे. त्या रात्रीपुरता एक शब्द ठरवून तो केवळ आपल्या माणसांना सांगून ठेवीत. ज्याला तो शब्द सांगता येई, त्याला वाट मोकळी होई. ज्याला सांगता येत नसे, त्याला तेथेच अडविले जाई. या गुप्त शब्दाला ‘परवलीचा शब्द’ असे म्हणतात.

मुलांनो, हा जुना शब्द आज तुमच्या नित्याच्या उपयोगाचा झाला आहे. मोबाइलवर किंवा संगणकावर एखादा ऑनलाइन खेळ खेळू लागताना तुम्ही प्रथम आपले खाते उघडता आणि त्याला एक पासवर्ड ठरविता. हा पासवर्ड म्हणजे परवलीचाच शब्द होय. फरक इतकाच, की येथील पहारेकरी माणूस नसून यंत्र आहे. त्याला संशय येत नाही आणि ओळखदेखही कळत नाही. ज्याने बरोबर शब्द सांगितला तो खात्याचा धनी, एवढेच ते जाणते. म्हणून हा शब्द चोराच्या हाती पडला, की त्या यंत्राच्या दृष्टीने चोर हाच धनी ठरतो आणि खरा धनी दाराबाहेर उभा राहतो.

‘खेळातील खाते गेले, त्यात एवढे काय बिघडले?’ असे कोणी म्हणेल. परंतु अशा खात्यात काय काय साठविलेले असते, ते पाहा. त्यात खेळाडूने महिनोन्‌महिने घेतलेले श्रम असतात. आईवडिलांच्या परवानगीने खरे पैसे देऊन घेतलेले पोशाख आणि आयुधे असतात. कित्येकदा घरच्या बँकखात्याशी त्याची सांगडही घातलेली असते. शिवाय ज्यांच्याबरोबर आपण रोज खेळतो, त्या मित्रांची नावे तेथे असतात आणि त्या मित्रांचा आपल्यावरील विश्वासही तेथेच असतो. खेळ खोटा असला, तरी या साऱ्या गोष्टी खऱ्या आहेत. आणि चोराला हे पुरते ठाऊक असते.

याचा एक मोठा दाखला अमेरिकेत पाहावयास मिळाला. तेथील व्हॉल्व्ह नावाच्या कंपनीने २००३ साली ‘स्टीम’ या नावाने संगणकावरील खेळांचे एक भांडार सुरू केले. पुढे २०११ साली खेळाडूंना खेळातील वस्तूंची आपसांत अदलाबदल करण्याची सोय तिने करून दिली. रंगीबेरंगी चित्रांनी नटविलेल्या आयुधांना खेळाडूंमध्ये मोल आले आणि मोल आले तसे चोरही आले. डिसेंबर २०१५ मध्ये या कंपनीने जाहीर केले, की दरमहा सुमारे ७७,००० खाती चोरांच्या हाती जातात आणि लुटली जातात. जे फसले, ते सारे नवखे किंवा भोळे नव्हते. त्यांत मुरलेले, नामांकित खेळाडूही होते, असे तिने मुद्दाम नमूद केले. ‘मी हुशार आहे, मला कोण फसविणार?’ असे म्हणणाऱ्याने हे विसरू नये.

आता प्रश्न असा, की चोर इतकी खाती हस्तगत करतात तरी कशी? किल्ला घेण्याचे दोन मार्ग असत. तटाला सुरुंग लावावा आणि भिंत पाडावी, हा एक. आतील माणूस फितवून त्याच्याकडून दार उघडून घ्यावे, हा दुसरा. पहिल्या मार्गाला बळ, वेळ आणि दारूगोळा लागतो; दुसऱ्याला केवळ गोड जीभ पुरते. कंपन्यांनी आपल्या यंत्रांभोवती भक्कम तट उभारलेले असतात. ते फोडण्यापेक्षा खेळाडूलाच बोलण्यात गुंगवून त्याच्या तोंडून परवलीचा शब्द काढून घेणे चोराला अधिक सोपे जाते. म्हणजे बहुतेक वेळा कुलूप फोडले जात नाही. किल्ली आपणच आपल्या हाताने देतो. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली, तर पुढील सर्व युक्त्या आपोआप उमगतील.

चोराचे पहिले सोंग लोभाचे असते. पुष्कळ खेळांत त्या त्या खेळाचे स्वतंत्र चलन असते. कोठे त्याला रोबक्स म्हणतात, कोठे व्ही-बक्स. ‘येथे तुमच्या खात्याचे नाव आणि पासवर्ड लिहा, क्षणात दहा हजार नाणी फुकट मिळतील,’ असे सांगणारी पाने जागोजागी मांडून ठेवलेली असतात. वास्तविक असे नाणी पाडणारे यंत्र जगात नाही. खेळाचे चलन ज्या कंपनीचे, तिच्याच वहीत त्याची नोंद असते. बाहेरच्या कोणालाही ती वाढविता येत नाही. त्या पानावर तुम्ही लिहिलेला पासवर्ड मात्र तत्काळ चोराच्या वहीत जाऊन बसतो. ही पाने दिसावयास खऱ्या पानासारखीच असतात. चित्रे तीच, रंग तेच. फक्त वरच्या पत्त्यात एखादे अक्षर बदललेले किंवा जास्तीचे असते. घाईत वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

दुसरे सोंग भयाचे असते. एके दिवशी अनोळखी माणसाचा निरोप येतो : ‘क्षमा कर, मी चुकून तुझ्या खात्याविरुद्ध तक्रार केली. आता तुझे खाते कायमचे बंद होईल. ते वाचवावयाचे असेल, तर या अधिकाऱ्याशी ताबडतोब बोल.’ तो ‘अधिकारी’ म्हणजे त्याच टोळीतील दुसरा गडी. तो मोठ्या ऐटीत चौकशी करतो आणि पासवर्ड विचारतो, नाही तर मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक मागतो. घाबरलेले मूल तो देऊन टाकते. परंतु कोणत्याही खऱ्या कंपनीचा माणूस तुमचा पासवर्ड कधीही विचारीत नाही, कारण त्याला त्याची गरजच नसते. ज्याच्या हाती वाड्याचा सारा कारभार आहे, तो तुमच्या खोलीची किल्ली तुमच्याजवळ कशाला मागेल?

तिसरे सोंग मैत्रीचे आणि तेच सर्वांत घातक. समजा, तुमच्या वर्गातील एका मित्राच्या नावाने निरोप आला, ‘आमचा संघ स्पर्धेत उतरला आहे, या लिंकवर जाऊन आम्हांला मत दे ना!’ मित्राचे काम म्हणून तुम्ही तेथे गेलात. मत देण्यापूर्वी त्या पानाने तुमच्या खात्याचे नाव व पासवर्ड मागितला आणि तुम्ही तो लिहिला. वस्तुतः निरोप मित्राने पाठविलेलाच नव्हता. त्याचे खाते आदल्या दिवशी चोरीला गेले होते आणि चोर त्याचा मुखवटा घालून त्याच्या ओळखीच्या घराघरांत शिरत होता. आता तुमचेही खाते त्याच्या हाती गेले आणि उद्या तो तुमच्या मुखवट्याने तुमच्या मित्रांकडे जाईल. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा, तशी ही आग एका घरातून दुसऱ्या घरात पसरते. म्हणूनच आपले खाते सांभाळणे ही केवळ स्वतःपुरती गोष्ट नाही. त्यात आपल्या मित्रांचीही राखण आहे.

याखेरीज आणखी एक आडवाट आहे. ‘हा प्रोग्राम घेतलास, तर खेळात तुला कोणीच हरवू शकणार नाही,’ असे सांगून कोणी काही उतरवून घ्यावयास सुचवितो. अशा प्रोग्रामच्या पोटात पुष्कळदा हेर दडलेला असतो. तुम्ही एकदा पासवर्ड देऊन आत गेलात, की पुन्हा पुन्हा विचारावयास नको म्हणून यंत्र तुमच्या संगणकात एक प्रवेशपत्र ठेवून देते. तो हेर हे प्रवेशपत्रच उचलून धन्याकडे पाठवितो. मग चोराला परवलीचा शब्द सांगण्याचीही जरुरी उरत नाही. लबाडीने जिंकण्याच्या मोहाने जो हा प्रोग्राम घेतो, तो जिंकण्याआधीच हरलेला असतो.

आणि काही वेळा तर चोराला यांपैकी एकही सोंग घ्यावे लागत नाही. आपला आळसच त्याला साहाय्य करतो. अनेकजण सर्व ठिकाणी एकच पासवर्ड वापरतात. एखाद्या लहानशा, निष्काळजी दुकानाच्या यादीतून तो फुटला, की चोर तोच शब्द इतर शेकडो दारांवर लावून पाहतात. २०२० साली निन्टेन्डो या प्रसिद्ध जपानी कंपनीच्या सुमारे तीन लाख खात्यांत परक्यांनी प्रवेश केल्याचे उघड झाले. हे पासवर्ड आमच्या भांडारातून फुटलेले नसून अन्य मार्गाने मिळविलेले होते, असे कंपनीने सांगितले आणि एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरू नये, अशी खेळाडूंना विनंती केली. घराच्या, कपाटाच्या आणि सायकलीच्या कुलपाला एकच किल्ली असेल, तर सायकलीची किल्ली हरविताच घरही उघडे पडते, हे सांगावयास नको.

मग यावर उपाय कोणता? तो समजून घेण्यासाठी आपण शिवछत्रपतींच्या किल्ल्यांकडे वळू. गडासारखे मोलाचे ठिकाण कोणा एकाच्या भरवशावर त्यांनी कधी सोपविले नाही. सभासदाच्या बखरीवरून दिसते, की गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी नेमलेले असत आणि त्या तिघांचा दर्जा सारखाच असे. कारभार तिघांनी मिळून करावयाचा. त्यामुळे शत्रूने एकाला फितविले, तरी इतर दोघे जागे असत आणि गड सहसा हातचा जात नसे.

आजच्या यंत्रयुगात हीच योजना ‘दुहेरी पडताळणी’ या नावाने वापरली जाते. पासवर्ड हा एक पहारेकरी. तुमच्या किंवा आईवडिलांच्या मोबाइलवर दिसणारा सांकेतिक अंक हा दुसरा. पहिला फितला, तरी दुसरा दार अडवून धरतो. ब्लिझर्ड या कंपनीने २००८ सालीच आपल्या खेळाडूंसाठी एक चिमुकले यंत्र विकावयास काढले होते; त्याची कळ दाबली, की एक नवा अंक उमटे आणि तो दिल्यावाचून खाते उघडत नसे. स्टीमच्या मोबाइलवरील अशा अंकाचे आयुष्य अवघे ३० सेकंदांचे असते. चोराने काल पाहिलेला अंक त्याला आज निरुपयोगी ठरतो. ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या चालकांनी तर २०१८ साली जे दुहेरी पडताळणी चालू करतील, त्यांना खेळातील एक नृत्य बक्षीस म्हणून देऊ केले होते. मात्र एक सावधगिरी हवी. हा दुसरा अंकही चोर गोड बोलून मागतात. तो ज्याने दिला, त्याने दुसरा पहारेकरीही आपणच होऊन झोपविला, असे समजावे.

स्टीमच्या चालकांनी २०१५ साली आणखी एक नियम केला. ज्यांनी मोबाइलची दुहेरी पडताळणी केलेली नव्हती, त्यांच्या वस्तू दुसऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी काही काळ रोखून धरावयाच्या, असा तो नियम होता. त्या अवधीत खरा धनी जागा होऊन व्यवहार मोडू शके. या नियमात एक मोठे शहाणपण आहे. चोराला नेहमी घाई असते आणि तो आपल्यालाही घाई करावयास लावतो. ‘आत्ताच्या आत्ता’, ‘शेवटची पाच मिनिटे’, ‘कोणाला सांगू नकोस’, हे शब्द कानी पडले, की तेथेच थांबावे. मित्राच्या नावाने निरोप आला असेल, तर त्याला दूरध्वनी करावा किंवा दुसऱ्या दिवशी शाळेत समक्ष विचारावे. खऱ्या मित्राचे काम एका दिवसाने अडत नाही. आणि अडलेच, तरी विचारल्याबद्दल तो रागावत नाही.

राहिलेल्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक खात्याचा पासवर्ड निराळा आणि लांब असावा. आपले नाव, जन्मतारीख किंवा १२३४५६ असले सहज ओळखू येणारे काही त्यात नसावे. लक्षात राहावा म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच शब्द जोडून तो तयार करता येतो. ज्या ईमेलवर खाते उघडले असेल, त्या ईमेलचा पासवर्ड तर सर्वांत जपावा, कारण त्याच्या साहाय्याने बाकीचे सारे बदलता येतात. खेळाच्या पानावर जावयाचे झाल्यास आलेल्या लिंकवरून न जाता पत्ता स्वतः लिहून जावे. आपले खाते कोणास विकू नये, उसने देऊ नये; ‘तुझी पातळी वाढवून देतो,’ म्हणणाऱ्याच्या हातीही सोपवू नये.

इतके करूनही एखादे वेळी खाते गेलेच, तर काय करावे? पहिली गोष्ट, लपवू नये. चोरांचे खरे बळ त्यांच्या युक्तीत नसते, तितके फसलेल्या मुलाच्या लाजेत असते. आई रागावेल, बाबा मोबाइल काढून घेतील, या भीतीने मूल गप्प बसते आणि तेवढ्या अवधीत चोर आपले काम उरकून घेतो. जे फसतात ते गुन्हेगार नव्हेत. गुन्हेगार तो, जो फसवितो. म्हणून तत्काळ वडीलधाऱ्यांना सांगावे. त्यांच्या मदतीने प्रथम ईमेलचा आणि मग खेळाचा पासवर्ड बदलावा, सर्व यंत्रांवरील आपला प्रवेश बंद करावा, कंपनीच्या अधिकृत मदतकक्षाकडे तक्रार द्यावी आणि सर्व मित्रांना कळवावे, की ‘माझ्या नावाने काही निरोप आला, तर विश्वास ठेवू नका.’ पैसे दिल्यास खाते परत करतो, असे चोर म्हणाला, तरी एक पैही देऊ नये. घरच्या बँकखात्यातून पैसे गेले असतील, तर वडीलधाऱ्यांनी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब दूरध्वनी करावा. तक्रार जितकी लवकर पोहोचते, तितका ते पैसे वाटेत अडविण्याचा संभव अधिक असतो.

आपल्या देशाचा कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ६६ क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा गुन्हा आहे, आणि कलम ६६ ड नुसार संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणे हाही गुन्हा आहे. दोहोंसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. गंमत म्हणून मित्राचे खाते चोरून उघडणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे. दाराला कुलूप नसले म्हणून परक्याच्या घरात शिरण्याचा अधिकार कोणास मिळत नाही.

मुलांनो, खेळ हा आनंदासाठी आहे आणि मित्रांवर विश्वास ठेवणे हे तर चांगल्या मनाचे लक्षण आहे. चोरांच्या भीतीने सर्वांकडे संशयाने पाहावे, असे कोणीही सांगणार नाही. परंतु विश्वास माणसावर ठेवावयाचा असतो, त्याच्या नावावर आणि मुखवट्यावर नव्हे. पहाऱ्यावरचा शिपाई आपल्या माणसालाही परवलीचा शब्द विचारीत असे. त्यात त्या माणसाचा अपमान नसे, तर आत निजलेल्या सर्वांची काळजी असे. तुम्हीही आपल्या दारावरचे शिपाईच आहात. शब्द सांभाळा, घाई करू नका आणि काही अघटित घडलेच, तर हाक मारावयास लाजू नका.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एकदोन वाक्यांत लिहा :
(अ) परवलीचा शब्द कशासाठी ठरवीत असत?
(आ) व्हॉल्व्ह कंपनीने २०१५ साली काय जाहीर केले?
(इ) नाणी फुकट देणारी पाने खोटी का असतात?

२. पुढील प्रश्नांची उत्तरे चारपाच वाक्यांत लिहा :
(अ) ‘कुलूप फोडले जात नाही, किल्ली आपणच आपल्या हाताने देतो,’ या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
(आ) किल्ल्यावरील तीन अधिकारी आणि दुहेरी पडताळणी यांत कोणते साम्य आहे?
(इ) मैत्रीचे सोंग सर्वांत घातक का म्हटले आहे?

३. पुढील शब्द व वाक्प्रचार यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा :
फितविणे, हस्तगत करणे, ध्यानात ठेवणे, विनाविलंब, मुखवटा.

४. समानार्थी शब्द लिहा : लोभ, भय, धनी, आयुध.

५. लेखन : तुमच्या लहान भावाच्या खात्यावर ‘फुकट नाणी’ देऊ करणारा निरोप आला आहे. तो दुसऱ्या गावी राहतो, असे समजून त्याला समजावणारे पत्र लिहा.